मादाम बोव्हारी, मादाम ब्लूबेरी आणि कृतज्ञतेचा धडा

फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'चे आजवरचे सर्वांत विचित्र रूपांतर कोणते, असे कोणी विचारले तर माझे उत्तर तयार आहे. १९९८ साली अमेरिकेत लहान मुलांसाठी निघालेला पाऊण तासाहूनही छोटा असा एक ख्रिस्ती अॅनिमेशनपट आहे. त्याचे नाव 'मादाम ब्लूबेरी', आणि त्यात एम्माच्या जागी एक निळे फळ आहे. रूपांतर हा शब्द इथे थोडा धाडसाचा आहे, हे मान्य. फ्लोबेरकडून घेतली आहे ती नावाची कोटी आणि आपल्याजवळ जे नाही त्यासाठी झुरणारी एक स्त्री, एवढेच. इंग्रजीत 'ब्लू' म्हणजे निळाही आणि उदासही, त्यामुळे कोटी आपोआप साधते. मराठीत हे साधणार नाही. आपला निळा रंग उदास नाही. तो कृष्णाचा आहे, नीळकंठाचा आहे. असो.

पंचवीस वर्षे एम.ए.च्या वर्गाला 'मादाम बोव्हारी' शिकवूनही मला या निळ्या बाईची वार्ता नव्हती. गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीला मामेबहिणीच्या लेकीकडे राहिले असताना तिच्या पाच वर्षांच्या मुलीबरोबर हा पट पाहिला. शेजारच्या कुटुंबाने आपली मुले मोठी झाल्यावर जुन्या डीव्हीडींचे खोके यांच्याकडे दिले होते, त्यात तो होता. एकदा पाहिला आणि मुलीच्या हट्टाने आणखी चार वेळा पाहावा लागला. चौथ्या वेळेपर्यंत मी त्याच्याशी भांडू लागले होते. हा लेख त्या भांडणाचा आहे.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. फिल व्हिशर आणि माइक नॉरॉकी या दोघा तरुणांनी इलिनॉय राज्यात 'व्हेजीटेल्स' ही मालिका सुरू केली. पहिली कॅसेट १९९३ साली आली. सगळी पात्रे भाज्या किंवा फळे, आणि कोणालाही हातपाय नाहीत. त्यामागे कोणतेही प्रतीक नव्हते. त्या वेळच्या संगणकावर हात, पाय, केस आणि कपडे हलवून दाखवणे व्हिशरच्या आवाक्यात नव्हते. पहिली कल्पना चॉकलेटच्या वडीची होती. पोरे चॉकलेटच्या प्रेमात पडली तर आया रागावतील असे त्याच्या बायकोने सुचवले, आणि वडीची काकडी झाली. बॉब हा टोमॅटो आणि लॅरी ही काकडी, हे दोघे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उभे राहून प्रेक्षक-मुलांशी बोलतात, एखादी गोष्ट सादर करतात आणि शेवटी बायबलमधले एखादे वचन दाखवून निरोप घेतात. ख्रिस्ताला मात्र कधी भाजीच्या रूपात दाखवायचे नाही, हा नियम त्यांनी पहिल्यापासून पाळला.

आता गोष्ट. मादाम ब्लूबेरी झाडावरच्या घरात राहते, खाऊनपिऊन सुखी आहे, बॉब आणि लॅरी तिचे नोकर आहेत. तरी ती रडते, कारण शेजाऱ्यांकडे तिच्यापेक्षा चांगल्या वस्तू आहेत. त्या वस्तूंच्या तसबिरी तिने घरात लावल्या आहेत. हा तपशील पाहून मी हातातला चहा खाली ठेवला. रने जिरारने १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात एम्मा बोव्हारीचे उदाहरण घेऊन मांडले होते की आपली इच्छा आपली नसते, ती दुसऱ्या कोणाकडे पाहून उसनी घेतलेली असते. हे वर्गात समजावून सांगताना माझी दमछाक होत असे. इथे एका फळाने शेजाऱ्यांच्या भांड्याकुंड्यांच्या तसबिरी भिंतीवर लावल्या आणि काम झाले.

मग समोर 'स्टफ-मार्ट' नावाचे अवाढव्य दुकान उघडते. पातीच्या कांद्याच्या आकाराचे तीन गोड बोलणारे विक्रेते दारात येतात आणि सुखी व्हायचे असेल तर आमच्याकडे चला म्हणतात. १९९८ च्या अमेरिकन प्रेक्षकाला हे नाव कशावरून घेतले ते सांगावे लागले नसेल. सॅम वॉल्टनने १९६२ साली आर्कन्सॉमधल्या एका गावात काढलेल्या दुकानाच्या शाखा तोवर देशभर पसरल्या होत्या. फ्लोबेरकडेही असा विक्रेता आहे. लरो हा कापडचोपड विकणारा इसम एम्माच्या दारात येतो, शाली, गळपट्टे, किनारी मांडतो, पैशांची घाई नाही म्हणतो आणि पुढे तिच्याकडून वचनचिठ्ठ्यांवर सह्या घेत जातो. त्याच्या नावाचा फ्रेंच अर्थ 'सुखी माणूस' असा होतो. सुखाच्या नावाने दारात आलेला विक्रेता दोन्हीकडे आहे, आणि घराची वाताहत तोच करतो.

फरक पडतो तो इथे. एम्माचे घर कर्जाने बुडते आणि मादाम ब्लूबेरीचे ओझ्याने. खरेदीच्या गाड्या एकामागून एक येतात, सामान घरात कोंबले जाते आणि झाड वाकू लागते. शेवटी एक फुलपाखरू येऊन बसते आणि तेवढेही त्याला सोसत नाही. पाच वर्षांच्या मुलीला व्याज म्हणजे काय ते कळत नाही, पण वजन कळते. लोभी माणूस आपल्याच घराला त्रासात घालतो, असे बायबलमधल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात सांगितले आहे. 'घर' हा शब्द तिथे कुटुंब या अर्थाने येतो; या मंडळींनी तो शब्दशः घेतला आणि खरेच घर खाली आणले. लूकच्या शुभवर्तमानातला धनवान शेतकरीही आठवतो. पीक ठेवायला जागा नाही म्हणून तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो आणि त्याच रात्री मरतो. मुलांच्या पटात मरण नको होते, म्हणून झाड. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते.

आणखी एक गंमत. मालिकेच्या बहुतेक भागांत मध्येच एक खुळे गाणे असते, कथेशी संबंध नसलेले. या भागात ते चीजबर्गरवरचे प्रेमगीत आहे. रात्री दुकान बंद झालेले, सकाळी उघडेपर्यंत एक गडी बर्गरची वाट पाहत विरहात बसलेला, आणि अखेरीस दुसऱ्या खाद्यगृहाच्या मोहात पडणारा. एम्माची सगळी रोमँटिक तळमळ, मूळ कथेतून वगळलेली, इथे मागच्या दाराने आली आहे. हे जाणूनबुजून केले असेल असे मला वाटत नाही, पण वर्गात शिकवायला मिळाले असते तर मी सोडले नसते.

इथवर माझे भांडण नाही. ते सुरू होते अॅनीपाशी.

दुकानाकडे जाताना वाटेत मादाम ब्लूबेरीला एक गरीब घर दिसते. अॅनी नावाच्या छोट्या मुलीचा वाढदिवस आहे. आईबापांना परवडला तो सफरचंदाच्या पायचा एक तुकडा. अॅनी तो घेते, देवाचे उपकार मानते, आईबाबांच्या प्रेमाबद्दल गाणे म्हणते. मादाम ब्लूबेरी बाहेरून पाहते आणि गोंधळते: इतके थोडे असून ही मुलगी आनंदात कशी? पटाचा सगळा धडा या एका दृश्यावर उभा आहे.

आमची पाच वर्षांची प्रेक्षक तिसऱ्या वेळेस इथे थांबली आणि तिने विचारले, "तिला अजून एक पीस हवा होता का?" मला उत्तर देता आले नाही. पटाला हा प्रश्न पडलेलाच नाही. अॅनीला काय हवे आहे हे कोणी विचारत नाही, कारण काही हवे नसणे हेच तिचे काम आहे. श्रीमंत बाईला धडा मिळावा म्हणून ती तिथे बसवली आहे.

माझा इथे राग का उसळला, ते सांगितले पाहिजे, नाहीतर ही टीका फक्त पुस्तकी वाटेल. लहानपणी मी अॅनी होते. वडील अकाली गेल्यावर मी आणि आई तीन वर्षे मामांच्या वाड्यात राहिलो. मामांची मुलगी माझ्याच वयाची. ती काही मागू लागली, जेवताना नाक मुरडू लागली, की मामी माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "बघ तिच्याकडे. दोन फ्रॉकांवर वर्ष काढते, पण कधी तोंडातून शब्द नाही." पाहुण्यांसमोरही म्हणत, आणि पाहुणे माझ्या डोक्यावरून हात फिरवत. मामी वाईट नव्हत्या, त्यांनी आम्हांला पोटभर जेवू घातले. पण मी समाधानी नव्हते. मला त्या मामेबहिणीची कंपासपेटी हवी होती; पितळी कर्कटक असलेली, झाकणाच्या आत गुणाकारांचे कोष्टक छापलेली. मला ती इतकी हवी होती की रात्री झोप येत नसे. शब्द तोंडातून येत नव्हता, कारण तो आला असता तर आईला तो घास महाग पडला असता. लोक ज्याला कृतज्ञता म्हणत होते ती माझी भीती होती.

त्यामुळे गरीब मूल हसतमुखाने एक तुकडा घेताना दिसले की माझा पहिला प्रश्न असतो, याला कोण बघते आहे? दुसऱ्याच्या समाधानाचा दाखला देऊन आपल्या मुलाला समाधान शिकवणे ही आपल्याकडच्या बालसाहित्याचीही जुनी खोड आहे. झोपडीतला गुणी मुलगा आणि बंगल्यातला हट्टी मुलगा ही जोडी आपण किती वेळा वाचली आहे! त्यात झोपडीतल्या मुलाला आपली भूक वापरू दिल्याचे श्रेयसुद्धा मिळत नाही.

पण चौथ्या वेळेस पाहताना मला माझ्याच रागात एक खोट दिसली. अॅनीला आपल्याला कोणी पाहत आहे हे ठाऊकच नाही. ती मादाम ब्लूबेरीची काही लागत नाही, तिचे काही देणे लागत नाही. तिचे गाणे त्या बाईसाठी नाही, दुकानासाठी नाही, कोणा दात्यासाठीही नाही. ते देवाला उद्देशून आहे. मराठी ख्रिस्ती भाषेत यासाठी एक सुंदर शब्द आहे, उपकारस्तुती. बायबलच्या मराठी भाषांतरात तो जागोजाग येतो. बाहेरच्या मराठीत मी तो क्वचितच ऐकला. आपल्या रोजच्या 'आभार' या शब्दात कानाला भार ऐकू येतोच. उपकार मानायचे म्हणजे कोणाचे तरी मानायचे, आणि तो कोणीतरी समोर बसलेला असतो, बहुधा जेवणाच्या पाटाच्या दुसऱ्या टोकाला. उपकारस्तुतीत स्तुती आहे. ती ज्याची करायची तो समोर ताट वाढून हिशेब ठेवत नाही. मामींच्या घरात माझ्याकडून जी कृतज्ञता अपेक्षित होती तिचा पत्ता ठरलेला होता. अॅनीच्या कृतज्ञतेने तो पत्ता ओलांडला आहे, आणि म्हणून ती माझ्यापेक्षा मोकळी आहे.

मी देव मानणारी नाही, आणि माझ्यासारख्या वाचकाचा सहज कल असा की यातला देव वगळा, उरलेला धडा सार्वत्रिक आहे, तो मुलांना दाखवा. हा प्रयोग प्रत्यक्ष झालेला आहे. २००६ साली 'व्हेजीटेल्स'चे भाग एनबीसी वाहिनीवर शनिवारी सकाळी दाखवले जाऊ लागले तेव्हा त्यांतले देवाचे आणि बायबलचे उल्लेख कापण्यात आले. व्हिशरने त्याबद्दल उघड नाराजी दाखवली. मला वाटते त्याची नाराजी केवळ श्रद्धेपोटी नव्हती. गोष्ट सांगणाऱ्याला जे समजते ते त्याला समजले होते. अॅनीच्या गाण्यातून देव काढला की ते गाणे कोणाला उद्देशून राहते? आईबापांना, ज्यांना एकच तुकडा परवडला, किंवा परिस्थितीला, किंवा मग कोणालाच नाही, आणि तेव्हा उरतो तो उपदेश एवढाच की मिळेल त्यात गप्प बस. देव असताना ती प्रार्थना असते. देव काढून टाकला की ती गरिबाला दिलेली ताकीद होते. माझ्यासारख्या निरीश्वर शिक्षिकेला हे कबूल करताना त्रास होतो, पण पट पाहून माझे मत असे झाले. आमच्या शाळांमधल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला 'समाधान' हा धडा जेव्हा निव्वळ नागरिकशास्त्रासारखा शिकवला जातो, तेव्हा तो नेमका याच ठिकाणी बिघडतो.

देव न मानणाऱ्याने मग कृतज्ञता शिकवायचीच नाही का? याचे उत्तर त्याच पटात आहे, पुढच्या दृश्यात. दुकानात ज्युनिअर नावाचा शतावरीचा कोंब आपल्या बाबांबरोबर आला आहे. त्याला खेळण्यातली आगगाडी हवी आहे. बाबा किंमत पाहतात आणि सांगतात, एवढे पैसे नाहीत. चेंडू मात्र घेता येईल. ज्युनिअरला हिरमुसायला पुरेपूर कारण आहे, तरी तो चेंडू घेतो आणि आभार मानतो. माझ्या दृष्टीने हे दृश्य अॅनीच्या दृश्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. ज्युनिअरला काहीतरी हवे आहे आणि ते त्याने तोंडाने मागितले आहे. मागितल्याबद्दल कोणी त्याला लोभी ठरवत नाही. बाबा 'नाही' म्हणतात ते परवडत नाही म्हणून, मागणे वाईट म्हणून नाही. मग तो जे आभार मानतो ते त्याचे स्वतःचे असतात, कारण न मानण्याची मोकळीक त्याला होती. आधी हवे म्हणू द्यावे, नाही म्हणण्याचे खरे कारण सांगावे आणि मग थांबावे, एवढे जमले तर देव असो वा नसो, मुलाला कृतज्ञता येण्याची निदान शक्यता तरी उरते. ज्युनिअर आधी आणि अॅनी नंतर, असा क्रम असता तर माझे अर्धे भांडण मिटले असते.

पटाच्या बाहेरची कहाणी मात्र पटापेक्षा कडवी आहे. दुकानावर टीका करणाऱ्या या कॅसेटी सुरुवातीला ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत मिळत. १९९८ च्या सुमारास त्या मोठ्या साखळी-दुकानांच्या मांडण्यांवर आल्या आणि अफाट खपल्या. टोमॅटो-काकडीची खेळणीही निघाली. व्हिशरला ख्रिस्ती डिस्नी उभी करायची होती, हे त्याने पुढे आत्मकथनात स्वतःच सांगितले आहे. माणसे वाढली, खर्च वाढला, २००२ साली 'जोना' हा पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. वितरकाने भरलेल्या खटल्यात २००३ साली कंपनीविरुद्ध निकाल लागला, दिवाळे निघाले आणि भाज्या दुसऱ्याच्या मालकीच्या झाल्या. वरच्या न्यायालयाने २००५ साली तो निकाल फिरवला, पण तोवर घर खाली आलेले होते. ज्याने झाड काढले त्याला स्वतःच्या घराचे वाकणे दिसले नाही, यात मला खवचट आनंद घ्यावासा वाटत नाही. उलट त्याने नंतर जो हिशेब मांडला तो मोठा आहे. २०११ साली एका मुलाखतीत तो म्हणाला, त्याचा आशय असा, की इतकी वर्षे आपण मुलांना ख्रिस्ती माणसासारखे वागायला शिकवत होतो, ख्रिस्ती धर्म शिकवतच नव्हतो. ती केवळ नीती होती. स्वतःच्या यशावर लेखकाने केलेली इतकी सरळ टीका मी फारशी वाचलेली नाही.

फ्लोबेरने नीती शिकवायला नकार दिला, म्हणून त्याला १८५७ साली न्यायालयात उभे राहावे लागले. तो सुटला. एम्माचे शिक्षण धार्मिकच होते, हे मात्र आपण विसरतो. कॉन्व्हेंटमध्ये तिला वेदीवरची फुले, धूप, चित्रांची पुस्तके हे सारे आवडले. धर्म तिने भावनेच्या खुराकासारखा चाखला. मुलांच्या करमणुकीतून धर्म किंवा नीती देऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ते प्रकरण एकदा वाचावे. चाखण्याची सवय लागली की काय चाखतो आहोत याला महत्त्व उरत नाही. आणि कादंबरीच्या शेवटच्या पानावर बर्थ आहे, एम्माची मुलगी. सगळी बिले चुकती होऊन, आईबाप आणि आजी मरून, ती दूरच्या गरीब मावशीकडे जाते आणि मावशी तिला पोट भरण्यासाठी सूतगिरणीत धाडते. बर्थला काय हवे होते हे फ्लोबेरही सांगत नाही. पण तो तिला गाणे म्हणायला लावत नाही, हा त्याचा मोठेपणा.

परतण्याच्या आदल्या रात्री मामेबहीण आणि मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. आता तिचे गुडघे दुखतात, ती लेकीकडे सहा महिने येऊन राहते. बाहेरच्या खोलीत नात पुन्हा तोच पट लावून बसली होती, अॅनीचे गाणे चालू होते. बहीण एकदम म्हणाली, "तुला माझी कंपासपेटी हवी होती ना? मला माहीत होतं. तू झाकण उघडून कोष्टक वाचायचीस."

मी म्हटले, मग दिली का नाहीस?

"आई सारखी म्हणायची ना, हिला काही नको असतं. मला वाटायचं, निदान एक तरी वस्तू अशी असू दे जी तुला हवी आहे."

नात आतून ओरडली, पाय म्हणजे काय असतं, आणि ते आपण करू शकतो का. बहिणीने फ्रीज उघडून सफरचंदे आहेत का ते पाहिले.